पाच वॅट आणि एक डोंगर

माथ्यावर पोचल्यावर लोक काय करतात, फोटो काढतात, पाणी पितात, दहा मिनिटं टेकतात आणि उतरायला लागतात. पण कधीतरी एखादा असा प्राणी दिसतो जो पोचल्या पोचल्या सॅकमधून गळाच्या काठीसारखी लांब काठी काढतो, एकातून एक नळ्या ओढत ती सहा मीटरची करतो, टोकाला बारीक वायर बांधून काठी उभी करतो आणि मग खडकाच्या आडोशाला बसून हातातल्या डबड्याशी अक्षरं नि आकडे बडबडायला लागतो. बघणाऱ्याला वाटतं सर्व्हे चाललाय किंवा हवामान खात्याचा माणूस आहे. मला एकदा एका काकांनी विचारलं होतं, मोबाइलचा टॉवर बसवताय का? मी म्हटलं काका, टॉवर आधीच बसवलेलाय, तुम्ही त्याच्यावरच उभे आहात.

तर या उद्योगाचं नाव समिट्स ऑन द एअर, बोलताना सगळे नुसतं सोटा म्हणतात. २ मार्च २००२ ला इंग्लंड आणि वेल्समध्ये सुरू झालं आणि आता बऱ्याच देशांत पसरलंय. कल्पना साधी आहे. हॅम रेडिओचं लायसन्स असलेला माणूस स्वतःच्या पायांनी डोंगर चढतो, सगळं सामान पाठीवर नेतो आणि वरून रेडिओवर बोलतो, तो झाला ॲक्टिव्हेटर. घरी बसून त्याला हुडकून काढणारे ते चेसर. पॉइंट दोघांनाही मिळतात.

हॅम रेडिओच माहीत नसेल तर चार ओळींत सांगतो. सरकारी परीक्षा देऊन लायसन्स मिळतं आणि त्याबरोबर कॉलसाइन, म्हणजे अक्षरं-आकड्यांचं असं नाव जे जगात दुसऱ्या कुणाचं नसतं, आणि ज्याच्या सुरुवातीवरूनच देश कळतो, जेए म्हटलं की जपान, व्हीयू म्हटलं की भारत. नेमून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवरच बोलायचं, धंद्याचं काही बोलायचं नाही, गुप्त संदेश पाठवायचे नाहीत. बाकी सेट स्वतः जोडा, अँटेना स्वतः बनवा आणि मधे सिम नाही, कंपनी नाही, इंटरनेट नाही, असं थेट समोरच्याशी बोला. अशा एका संभाषणाला क्यूएसओ म्हणतात, पुढे हा शब्द सारखा येणारे.

आता खरा प्रश्न. डोंगरच कशाला?

याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही वेगळी आहेत, लोक त्यांची सरमिसळ करतात म्हणून जरा सावकाश सांगतो. पहिलं उत्तर कुणालाही सुचेल, उंचावरून लांबचं दिसतं. हातात धरायचा वॉकीटॉकीसारखा सेट चालतो १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास, त्याला दोन मीटर बँड म्हणतात, आणि तिथल्या लहरी जवळपास नजरेसारख्या सरळ जातात, पृथ्वीचा फुगवटा आडवा आला की खेळ खल्लास. याचा हिशोब अगदी सोपा आहे. उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, येईल तेवढे किलोमीटर. (नुसत्या नजरेसाठी तोच आकडा ३.५७ आहे, रेडिओ लहरींना हवा थोडी खाली वाकवते म्हणून त्या नजरेच्या जरा पलीकडे जातात.) मैदानात उभ्या माणसाच्या हातातला सेट जमिनीपासून दीड मीटरवर, उत्तर आलं ५ किलोमीटर. तोच सेट आजूबाजूच्या सपाटीपासून ९०० मीटर उंच माथ्यावर न्या, वर्गमूळ ३०, उत्तर साधारण १२४ किलोमीटर. आणि समोरचाही तसाच ९०० मीटरवर बसला असेल तर दोघांची बेरीज, २४७. सेट तोच, बॅटरी तीच, वॅट तेवढेच.

पण सोटावाले फक्त दोन मीटरवर थांबत नाहीत. ७, १०, १४ मेगाहर्ट्झ असे खालचे बँड, म्हणजे एचएफ, त्यांच्या विशेष आवडीचे, आणि तिथे वरचा हिशोब लागूच होत नाही. एचएफच्या लहरी वर जातात आणि आयनोस्फिअरला, म्हणजे सूर्यकिरणांनी विजेचा भार आलेल्या हवेच्या थरांना, धडकून परत खाली वळतात. त्यातला जो कामाचा थर आहे, एफ थर, तो साधारण २५० ते ४०० किलोमीटर उंचीवर. आता एवढ्या उंचावर टांगलेल्या आरशाच्या तुम्ही ९०० मीटर जवळ गेलात काय नि नाही गेलात काय!

मग एचएफला डोंगराचा उपयोग काय? थोडा उताराचा. समोर जमीन झपकन खाली जात असेल तर लहर जास्त आडव्या कोनात निघू शकते आणि एका उडीत लांब जाते. पण मोठा फायदा वेगळाच आहे आणि तो वर गेल्याशिवाय पटत नाही, तो म्हणजे शांतता. घरात एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, टीव्ही, राउटर, शेजाऱ्यांचं सोलरचं इन्व्हर्टर, प्रत्येक जण बारीक बारीक रेडिओ कचरा हवेत सोडत असतो आणि घरच्या अँटेनावर तो सगळा गोळा होऊन एक अखंड खरखर ऐकू येते. माथ्यावर वायर लावून सेट चालू केला की पहिल्यांदा वाटतं अँटेना जोडायचीच राहिली. इतकं सामसूम. आणि मग त्या शांततेतून टाचणी पडल्यासारखा कुणाचातरी बारीक सिग्नल वर येतो जो घरी खरखरीखाली गाडला गेला असता. म्हणजे दोन मीटरवर डोंगर तुमचा आवाज लांब नेतो आणि एचएफवर डोंगर तुमचे कान साफ करतो. हे दोन फायदे वेगळे आहेत, एवढं डोक्यात बसलं की कुठल्या डोंगरावर कुठला सेट न्यायचा ते आपोआप कळायला लागतं. चहूबाजूंनी उंच डोंगरांनी वेढलेलं बुटकं शिखर दोन मीटरला कुचकामी, पण एचएफला छान चालतं.

दुसरी शंका वॅटची. घरचा सेट १०० वॅटचा असतो, पाठीवर नेतात तो ५ वॅटचा, मग आवाज वीसपट बारीक नाही का होत? वीसपट कमी शक्ती म्हणजे १३ डेसिबल (शक्ती किती पट ते मोजायचं माप, दहापट म्हणजे १०). सिग्नल मोजायच्या काट्यावर ६ डेसिबलचं एक घर असतं, म्हणजे फरक पडला दोन घरांपेक्षा थोडा जास्त. ज्याला तुमचे १०० वॅट ९ वर दिसले असते त्याला ५ वॅट ७ च्या जरा खाली दिसतील, आणि ७ म्हणजे आरामात ऐकू येतं. कमी शक्तीच्या या प्रकाराला क्यूआरपी म्हणतात, आणि त्याच्या नावाने नाक मुरडणारे बहुतेक असे असतात ज्यांनी हा भागाकार कधी केलेलाच नसतो.

आयनोस्फिअर मात्र बेभरवशाचं आहे. दिवसा खाली ६० ते ९० किलोमीटरवर डी थर तयार होतो आणि तो परत फिरवण्याऐवजी गिळतो, जितकी फ्रिक्वेन्सी खालची तितकं जास्त गिळतो. म्हणून दुपारी ७ मेगाहर्ट्झवर काहीशे किलोमीटरच्या परिघातली माणसं मिळतात, १४ वर हजार, दोन हजार, तीन हजार किलोमीटर. आणि १४ वर एक विचित्र गोष्ट होते, लहर उडी मारून लांब उतरते आणि मधला पट्टा कोरडा राहतो, दुसऱ्या देशातला माणूस गप्पा मारतोय पण खालच्या गावातल्या मित्राला तुम्ही ऐकूच येत नाही. त्यात सूर्याचं ११ वर्षांचं चक्र, डाग वाढले की वरचे बँड उघडतात, कमी झाले की झोपतात. नवीन माणूस आधी सेटला शिव्या घालतो, मग अँटेनाला, आणि सूर्यावर संशय यायला त्याला वर्षभर लागतं.

आता नियम, कारण खेळाला मजा नियमांनीच येते. कुठलाही उंचवटा चालत नाही. तुमच्या शिखरावरून शेजारच्या त्याच्याहून उंच डोंगराकडे जायचं तर मधे जी खिंड उतरावी लागेल तिच्यापासून शिखर किमान १५० मीटर वर हवं, काही भागांत खास परवानगीने १०० चालतं. म्हणजे एकाच धारेवरचे दहा टेंगळे दहा शिखरं म्हणून खपवता येत नाहीत. जे पात्र ठरतं त्याला नंबर मिळतो, उदाहरणार्थ इंग्लंडचं सगळ्यात उंच शिखर स्काफेल पाइक, ९७८ मीटर, त्याचा नंबर जी/एलडी-००१, जी म्हणजे इंग्लंड आणि एलडी म्हणजे लेक डिस्ट्रिक्ट. उंचीप्रमाणे १, २, ४, ६, ८ किंवा १० पॉइंट, पण कुठल्या उंचीला किती ते प्रत्येक देशाचं वेगळं, कारण सपाट देशातल्या माणसाला आल्प्सच्या फूटपट्टीने मोजलं तर बिचाऱ्याचं खातंच उघडणार नाही.

गाडीतून बोलायचं नाही. शेवटची चढण स्वतःच्या ताकदीने. वीज बॅटरीची किंवा सोलरची, पेट्रोल-डिझेलचा जनरेटर बंदी. सेट लावायची जागा माथ्यापासून उभ्या अंतरात २५ मीटरच्या आत, म्हणजे टोकावर गर्दी असेल किंवा वारा कापत असेल तर थोडं खाली आडोशाला बसता येतं. जमिनीवरचे रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे ढकलणारी यंत्रं, ती चालत नाहीत, पण उपग्रह चालतात. आणि पॉइंट पदरात पडायला चार वेगवेगळ्या स्टेशनांशी क्यूएसओ व्हायलाच हवेत. तीन झाले तर शिखर ॲक्टिव्हेट झालं असं नोंदलं जातं, पॉइंट शून्य.

हे चार आकड्याचं प्रकरण लिहायला सोपं आहे. मी एकदा वर पोचलो, काठी उभी केली, वायर ताणली आणि लक्षात आलं की सेट आणि अँटेनाला जोडणारी वीतभर केबल घरी टेबलावर राहिली. अडीच तास चढून. मग वायरचं टोक दातांनी सोललं, सेटच्या सॉकेटच्या मधल्या भोकात घातलं, काडी ठोकून घट्ट केलं, दुसरी एक वायर सेटच्या बॉडीच्या स्क्रूला बांधून गवतात पसरली. सेटमध्ये ट्यूनर, म्हणजे वेडीवाकडी अँटेनाही सेटशी जुळवून घेणारी सोय, होती म्हणून निभावलं. तीन माणसं वीस मिनिटांत मिळाली आणि चौथा काही मिळेना, ओरडून घसा बसला, ढग यायला लागले, आवरायला घेतलं आणि हेडफोन काढताना कुणीतरी अगदी तळातून माझं कॉलसाइन उच्चारलं. त्या माणसाचा आवाज मला अजून ओळखता येईल. तेव्हापासून ती केबल सेटच्या पिशवीलाच शिवून टाकलीय.

अँटेनाबद्दल लोक उगाच घाबरतात. लागते एक वायर आणि लांबीचं गणित: १४३ भागिले मेगाहर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी, उत्तर मीटरमध्ये, ही झाली अर्ध्या लहरीची लांबी. १४ मेगाहर्ट्झला साधारण १०.२ मीटर, ७ ला बरोबर दुप्पट, २०.४. मधोमध कापून दोन पाय केले की डायपोल, काठीवर मधला भाग टांगला आणि दोन्ही टोकं खाली बांधली की उलटा व्ही. पण माथ्यावर मधोमध केबल लोंबकळणं हा ताप असतो, म्हणून बरेच जण वायरला टोकाकडून वीज देतात. अडचण अशी की टोकाशी वायरचा विरोध, म्हणजे इम्पीडन्स, अडीच हजार ओहमच्या घरात असतो आणि सेटला हवे असतात ५०. मधे एक छोटा ट्रान्सफॉर्मर लावायचा, फेराइटच्या रिंगणावर एकास सात असे वेढे, सातचा वर्ग ४९, आणि अडीच हजारला ४९ ने भागलं की आले साधारण ५०. काडेपेटीएवढ्या डबीत मावतं. शिवाय २० मीटरची तीच वायर ७ ला अर्धी लहर आणि १४ ला पूर्ण लहर बनते, त्यामुळे खाली उतरवून लांबी बदलायची कटकट नाही.

बॅटरीचं पण एकदाच गणित करून ठेवा. लिथियम आयर्न फॉस्फेटची ३ अँपिअर-अवरची बॅटरी घ्या. जुन्या धाटणीचा ५ वॅटचा सेट ऐकताना ०.४ अँपिअर आणि बोलताना २ अँपिअर खातो असं धरा, तासातला तीस टक्के वेळ बोललात तर ०.६ अधिक ०.२८, झाले ०.८८. तीन तास निघतात. नवीन छोटे सेट ऐकताना याच्या निम्म्याहून कमी घेतात. थंडीत बॅटरी मार खाते, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, आणि शून्याखाली गारठलेली असेल तर चार्जिंगला लावू नका, कायमची बिघडते.

वर प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. रिकामी फ्रिक्वेन्सी शोधायची, कुणी आहे का असं विचारायचं, मग मोबाइलला रेंज असेल तर सोटाच्या स्पॉटच्या यादीवर टाकायचं की अमुक शिखर, अमुक फ्रिक्वेन्सी. आणि हाक मारायची, सीक्यू सोटा, सीक्यू सोटा (सीक्यू म्हणजे कुणीही उत्तर द्या), पुढे स्वतःचं कॉलसाइन. दोन सेकंद काहीच नाही. आणि मग एकदम दहा-बारा माणसं एकमेकांच्या डोक्यावर चढून ओरडतात, बाजारात पाल ठोकल्यासारखा कल्ला, याला पाइलअप म्हणतात. पहिल्यांदा झालं तेव्हा मी घाबरून माइक खालीच ठेवला होता. युक्ती अशी की पूर्ण कॉलसाइन पकडायच्या भानगडीत पडायचं नाही, जेवढं कानात पडलं तेवढंच परत बोलायचं. "डेल्टा लिमा फाइव्ह (म्हणजे डी एल पाच) कोण? परत बोला." बाकीचे सभ्य असतील तर गप्प बसतात (सगळे नसतात). तो परत बोलतो, त्याला सिग्नल किती चांगला येतोय त्याचा आकडा द्यायचा, तो तुमचा देतो, शिखराचा नंबर सांगायचा, सेव्हन्टी थ्री म्हणजे हॅम लोकांचा रामराम, आणि पुढचा. अर्धं मिनिटही लागत नाही. सगळ्यात भाव कुणाला, तर दुसऱ्या एखाद्या शिखरावरून बोलणाऱ्याला, समिट टू समिट, तो ओरडला की बाकीचे आपणहून वाट देतात, कारण त्याची बॅटरीही संपत आलीय आणि त्यालाही उतरायचंय.

आता मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची टकटक भाषा. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांतून मोर्सची सक्ती निघून गेली, तरी डोंगरावर कट्-कड्-कट् जोरात चालू आहे आणि ते जुन्याच्या प्रेमापोटी नाही. बोलायला सुमारे २४०० हर्ट्झचा पट्टा लागतो, मोर्स अडीचशेच्या फिल्टरमध्ये आरामात मावतं. ऐकणाऱ्याने तेवढीच फट उघडी ठेवली की दहापट कमी खरखर आत येते, म्हणजे १० डेसिबलचा फायदा फुकटात. वर मोबाइलला रेंज नसेल तरी मोर्सवाल्याचं अडत नाही. जगभर काही उत्साही लोकांनी आपापल्या घरी कॉम्प्युटरला जोडलेले रिसीव्हर चालू ठेवलेत जे मोर्समधलं सीक्यू आपोआप वाचतात आणि कुठे, किती जोरात ऐकू आलं ते इंटरनेटवर टाकतात, त्याला रिव्हर्स बीकन नेटवर्क म्हणतात. निघण्यापूर्वी तुम्ही सोटाच्या साइटवर उद्या या शिखरावर जातोय असं कळवून ठेवलं असेल तर तुमचं कळवणं आणि रिसीव्हरने ऐकलेलं सीक्यू कॉम्प्युटर जुळवतो आणि तुमचा स्पॉट, म्हणजे यादीतली नोंद, आपोआप पडतो. म्हणजे तुम्ही रेंज नसलेल्या माथ्यावर बोटाने टकटक करताय आणि मिनिटभरात तीन देशांतली माणसं खुर्ची ओढून सेटपुढे बसतायत. याचं मला आजही नवल वाटतं.

एक गोष्ट मात्र गंमत म्हणून घेऊ नका, वीज. उघड्या माथ्यावर तुम्ही सहा मीटरची काठी आणि वीस मीटर तार ताणून बसलाय. ७ मेगाहर्ट्झवर कडकड आवाज येतो तो लांबच्या विजांचाही असतो, शेकडो किलोमीटरवरच्या, त्यामुळे नुसत्या कडकडीवरून काही ठरत नाही, पण ती वाढत चालली आणि आकाशही काळवंडलं की चौथा क्यूएसओ गेला खड्ड्यात, आधी वायर सेटपासून काढा आणि उतरा. काठी, तार, सगळं तिथेच सोडून यावं लागलं तरी चालेल. आणि एरवीसुद्धा वायर पायवाटेवरून आडवी नेऊ नका, ती इतकी बारीक असते की दिसत नाही, आणि उतरताना गुडघे थकलेल्या माणसाच्या पायात नेमकी तीच येते.

सुरुवात करायची असेल तर आधी नुसतं ऐका. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा एक रिसीव्हर इंटरनेटवर आहे, ब्राउझरमधून कुणीही फिरवू शकतं, सोटाच्या साइटवर कोण कुठल्या शिखरावर बसलंय ते बघा आणि ती फ्रिक्वेन्सी लावा. नुसतं ऐकणाऱ्यांसाठीही सोटात वेगळं खातं आहे. मग परीक्षा, मग आधी घरून चेसिंग, कारण चेसर म्हणून महिनाभर बसलं की वरच्या माणसाला काय त्रास होतो ते कळतं. हजार पॉइंट झाले की ॲक्टिव्हेटरला माउंटन गोट म्हणतात, डोंगरी बोकड. चेसरला हजारावर शॅक स्लॉथ, म्हणजे खोलीत लोळत पडलेला आळशी प्राणी, आणि लोक तो किताब मिरवतात.

खाली आल्यावर लॉग भरायचा, कधी, कुणाशी, कुठल्या बँडवर, आणि वेळ लिहायची ती यूटीसीमध्ये, म्हणजे ग्रीनविचच्या घड्याळात. नवीन लोकांची पहिली चूक इथेच होते, तारीख एका दिवसाने चुकते आणि समोरच्याशी जुळत नाही. याच यूटीसीवरून आणखी एक वेडेपणा चालतो. ॲक्टिव्हेटरला एका शिखराचे पॉइंट कॅलेंडर वर्षात एकदाच मिळतात. म्हणून ३१ डिसेंबरला काही मंडळी यूटीसीच्या मध्यरात्रीचा हिशोब करून, जिथे ती पहाटे किंवा संध्याकाळी पडते तिथे तर फारच सोय, आधीच माथ्यावर जाऊन बसतात, चार क्यूएसओ जुन्या वर्षात करतात, घड्याळाकडे बघत हात चोळत थांबतात, शून्य वाजून शून्य मिनिटं झाली की तिथल्या तिथे बसून परत चार करतात आणि एकाच चढाईत दोन वर्षांचे पॉइंट घेऊन हेडलॅम्पच्या उजेडात खाली येतात.